टाळू घडवणाऱ्या डॉक्टर

डॉ. महादेवी बिराजदार मॅडमची माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी मास्क काढायला तयार नव्हते. करोना ओसरून बरेच महिने झाले होते, सोलापुरात कोणी मास्क लावत नव्हते. मी मात्र घरातही लावत असे.

करोनातून उठता उठता मला काळ्या बुरशीने गाठले. रक्तातली साखर वाढलेली आहे हे मला ठाऊकच नव्हते. शस्त्रक्रियेत वरचा जबडा आणि टाळू काढावी लागली. जीव वाचला, पण प्यायलेले पाणी नाकातून येई, आणि ‘पाणी’ म्हटले की ‘माणी’ ऐकू येई. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते. ती नोकरी सोडली. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली की मी आतल्या खोलीत जाऊन बसे.

शेवटी माझे पती सलीम मला मॅडमच्या दवाखान्यात घेऊन गेले. मॅडम दंतवैद्य. त्यांनी त्रास विचारला, मी सांगितला. घरी सगळे न कळताही मान डोलावत, आणि त्या दयेनेच मी जास्त शरमून जाई. मॅडम म्हणाल्या, “कळलं नाही. परत सांगा.” मी परत सांगितले, तरी कळले नाही. कळेपर्यंत त्या खुर्ची ओढून समोर बसून राहिल्या. मग मी मास्क काढला.

त्यांनी मला दातांसह कृत्रिम टाळू करून दिली. कुठे टोचते, कुठून हवा निसटते हे बघत ती पुन्हा पुन्हा घासली. एका दुपारी मी ‘पाणी’ म्हणाले आणि ते पाणीच ऐकू आले. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला. पुढे त्यांनीच मला कामाला बोलावले. नवी टाळू बसलेल्यांना उच्चार शिकवण्याचे काम मी आज त्यांच्याकडे करते.

वरचे दात एकाएकी हलू लागले, गाल बधिर झाला, तर नुसता दात काढून पाठवू नका, साखर तपासा, असे मॅडम जिल्हाभरच्या दंतवैद्यांना सांगत फिरतात. माळशिरसच्या एका बैठकीत कोणी म्हणाले की ती साथ आता संपली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बुरशी साथीच्या आधीही होती, आजही आहे. माणसं तोंड लपवून घरात बसतात, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.” देशात अशी माणसे किती, हे तिथे कोणालाच सांगता आले नाही. माझी मान खाली गेली. मीही तशीच घरात बसले होते.

नातेपुत्याचे एक टेम्पोचालक आमच्याकडे येत. टाळू नीट बसली होती, तरी मुलीच्या लग्नात जेवायला बसायला ते तयार नव्हते. म्हणाले, “नाकातनं आलं तर? पोरीच्या सासरची मानसं बगतील की.” लग्नाच्या दिवशी मॅडम दवाखाना बंद ठेवून नातेपुत्याला गेल्या, मलाही नेले. पंगतीत त्या त्यांच्या शेजारी बसल्या. लहान घास घ्या, घाई करू नका, एवढेच हळू सांगत राहिल्या. ते पोटभर जेवले. व्याह्यांनी आग्रह केला तेव्हा जिलेबीही घेतली.

मीही मास्क उतरवून जेवले. समोरची एक बाई माझ्या बसक्या गालाकडे पाहत होती. मी पदर ओढून घेतला.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी मॅडमसोबतचा माझा फोटो मागितला होता. मला तो देववला नाही. मॅडमना मी तसे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की लेख पुरे, फोटो तुमच्या सवडीने द्या. साठाव्या वर्षी त्यांचा हात आजही स्थिर आहे. तो तसाच राहो, त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. आणि त्या आयुष्यात असा एक दिवस येवो, की टाळू करून घ्यायला त्यांच्या दारात कोणीच आलेले नसेल.