नीतिशास्त्राचा नवा अभ्यासक्रम

योग्य-अयोग्य कळणं ही माणसाला जन्मतःच मिळालेली देणगी आहे. आमच्या गावात ती आता दोन वर्षांच्या एम.ए.नंतर मिळते आणि त्यासाठी प्रवेशपरीक्षाही आहे.

‘कृत्रिम बुद्धिमत्तेचं नीतिशास्त्र’ घ्यावं का, हे विचारायला माझी पुतणी सई जोगसरांकडे गेली. सोबत मी होतो. सरांनी इथल्या कॉलेजात तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. पुढे विद्यार्थी मिळेनात म्हणून विभाग बंद झाला. त्याच खोल्यांत आता हा अभ्यासक्रम सुरू होतोय.

माहितीपत्रक चाळताना सरांचा अंगठा एका पानावर थांबला. कर्तव्य, हेतू, परिणाम हे सगळे त्यांचेच धडे होते, फक्त कागद आता गुळगुळीत होता. ज्या विषयात जन्म गेला, त्याला आपल्या डोळ्यांदेखत बरे दिवस यावेत आणि आपण ते पाहुण्यासारखे बघावेत, हे दुःख सांगायलाही अवघड, कारण ऐकणारा अभिनंदन करतो.

“घे,” सर म्हणाले. “आमच्या वेळी या विषयाच्या मास्तराला मुलगी देत नसत. आता नोकरी देतात म्हणे.”

“मग तुम्हीच शिकवा ना सर तिथं.”

“अर्ज केला होता गं.” त्यांनी पत्रक नीट घडी करून तिला परत दिलं.

नकार चार मिनिटांत आला होता. अर्जांची छाननी तिथं संगणक करतो.