मुठीतला खडा

दुष्काळात आमची संस्था गावातल्या एकाच कामाला पैसे देणार होती. गेवराईजवळच्या एका गावात मी पारावर दोन चित्रं मांडली, पाण्याची टाकी आणि सभामंडप. ज्याला जे हवं, त्यावर त्यानं खडा ठेवायचा.

घरोघरी घागरी कोरड्या, तरी ढीग सभामंडपावर वाढत गेला, तेव्हा मला शंका आली. सोसायटीचे चेअरमन चित्रांशेजारीच खुर्ची टाकून बसले होते.

एक बाई तेवढी पदर दातात धरून, मूठ आवळून उभी होती. सगळे पांगल्यावर तिनं घामेजलेला खडा माझ्या हातात दिला.

"टाकीवर ठिवा साहेब, पर मी गेल्यावर. जनावराला चारा त्यांच्याच सोसायटीतून मिळतो आमाला."

तिचं नाव मी विचारलं नाही. पण मोठा ढीग दिसला की अजूनही आधी शेजारची खुर्ची शोधतो.