काकांनी काढलेली नाकं

माझे काका बडोद्यात रेल्वेत नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात मराठी मासिकांसाठी विनोदी कथा लिहायचे, व्यंगचित्रं काढायचे. चित्रांतली नाकं मात्र सरळ आमच्या वाडीतल्या शेजाऱ्यांची असायची. त्यापायी समोरच्या वकीलसाहेबांनी त्यांच्याशी कायमचा अबोला धरला होता.

काका गेल्यावर त्यांची सगळी कात्रणं मी स्कॅन केली आणि त्यांतली निवडक वाडीतल्या वाचनालयात मांडली. उद्घाटनाला अख्खी वाडी लोटली. वकीलसाहेब काठी टेकत आले, स्वतःच्या चित्राला खेटून उभे राहिले आणि सुनेच्या हातात मोबाइल देत म्हणाले, "फोटो पाड. नाक पूर्ण आलं पाहिजे!" बाकीचेही आपापलं नाक शोधत फिरत होते. कथांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारच्या काकूंना त्यांचं नाक कुठेच सापडलं नाही, तेव्हा त्या चहासुद्धा न घेता तरातरा निघून गेल्या.

लोकांना स्वतःपलीकडे काही दिसतच नाही! घरी येऊन मी सगळी कात्रणं पुन्हा एकदा चाळली. मी काकांच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालो, पण माझं नाक त्यांनी एकदाही काढलं नाही.

खरं सांगायचं तर, काकांची नजर तशी कच्चीच होती.