बिनसोयरा पंच

मला कबड्डी खेळता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत एकदा चढाईला गेलो होतो, तेव्हा समोरच्यांनी हात लावायच्या आत माझाच दम संपला आणि मी आपणहून परत येऊन बसलो. असा माणूस झाडीपट्टीतल्या कबड्डीच्या सामाजिक इतिहासावर पीएचडी करतोय म्हटल्यावर लोक हसणारच. आई मात्र हसत नव्हती. सात वर्षं माझा प्रबंध चालला होता आणि पोटासाठी मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होतो. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, मुलं सहलीला गेली तर मी बेकार. तिथल्या मुलाखतीत एका वयस्कर सदस्यांनी विचारलं होतं, "खेळाचा इतिहास म्हणजे तुम्ही नक्की काय करणार? जुने स्कोअर लिहून काढणार?" मी त्यांना बराच वेळ समजावलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बरं. म्हणजे स्कोअरच."

माझी खरी कारकीर्द सुरू झाली ती चामोर्शीकडच्या एका गावात. धान कापून झालं की तिकडे रिकाम्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चुना टाकून मैदान आखतात आणि आसपासच्या गावांचे सामने भरवतात. मी वही घेऊन एका कोपऱ्यात उभा होतो. सामना रंगात आला असताना कोणाच्या तरी लक्षात आलं की पंच म्हणून आणलेल्या मास्तरांची साळी, म्हणजे मेहुणी, समोरच्या गावात दिलेली आहे. खेळ थांबला. दोन्ही गावांची जाणती मंडळी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, बसली आणि मास्तरांच्या सासरची वंशावळ काढायला लागली. तिकडे पंच सोयरा चालत नाही. त्याची मुलगी, बहीण, साळी, कोणीही दोन्हींपैकी एका गावात दिलेली नसावी, आणि तिथली कोणी त्याच्या घरात आलेली नसावी. आता त्या मुलखात जो तो एकमेकांचा व्याही नाहीतर साडू. त्यामुळे चांगले खेळाडू पाहिजे तेवढे, पंचासाठी मात्र आयोजकांच्या नाकी नऊ येतात.

सामने भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष, ज्यांची राईस मिल आहे, ते सगळीकडे नजर फिरवत माझ्यापाशी येऊन थांबले.

"सर, तुमची सोयरीक कुठी?"

"कुठेच नाही. वडील नोकरीत बदलून साताऱ्याकडून इकडे आले. नातेवाईक सगळे तिकडेच."

"आन् लगन?"

"अजून नाही."

"व्हाचं बी नाई का इतक्यात?"

"तसं काही दिसत नाही."

माझ्या आयुष्यातल्या या दोन उणिवांवर कोणी इतकं खूश झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी मास्तरांच्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात अडकवली.

त्यानंतर पोंभुर्ण्यापासून अहेरीपर्यंत मला बोलावणी येऊ लागली. मंडळांचे जुने फोटो, पिवळी पडलेली पत्रकं, म्हाताऱ्यांच्या आठवणी, जे मागावं ते मिळायचं. मीही थोडा चढलो. खेळाचे नियम मला पाठ होते, खेळ कळत नव्हता, पण शिट्टी जोरात वाजवली की त्याचं कोणाला काही वाटत नाही. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात मी मोठ्या दिमाखात लिहिलं, "या भागात पंचाचा शब्द कोणी मोडत नाही." मार्गदर्शकांनी लाल पेनने समासात लिहिलं, "पुरावा?"

पुरावा मला त्याच हंगामात मिळाला, त्याच चामोर्शीकडच्या गावात. तो कसा मिळाला हे मी पुढची दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही.

उपांत्य सामना होता, शेवटची चढाई. मी बाजूच्या रेषेजवळ उभा होतो आणि एक म्हातारेबाबा मागून माझ्या कानाशी लागले होते. ते सांगत होते की त्यांच्या काळी दम टिकावा म्हणून चढाईआधी गालात मोहाचं सुकं फूल धरायचे. असा तपशील संशोधकाला रोज मिळत नाही. मी खिशातून वही काढली आणि 'मोहफूल, डावा गाल' असं लिहायला लागलो. तेवढ्यात मैदानातून मोठा ओरडा झाला. मान वर केली तर चढाई करणारा पोरगा रेषेला अगदी लागून उभा, चुना थोडासा हवेत, आणि सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. तिकडच्या रिवाजाप्रमाणे पाय रेषेवर पडला असेल तर तो बाद, नसेल तर त्याचं गाव अंतिम सामन्यात. मी पाहिलंच नव्हतं. तसं म्हणायला फक्त तोंड उघडावं लागलं असतं, पण तोंडात शिट्टी होती. मी ती वाजवली आणि हात वर केला. बाद.

पोरगा यजमान गावाचाच होता. त्याने एकदा आपल्या पायाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि चूपचाप मैदानाबाहेर गेला. मी घरी येऊन चौथ्या प्रकरणात तळटीप लिहिली, "स्वतःच्या गावात, स्वतःच्या लोकांसमोर खेळाडूने पंचाचा निर्णय निमूटपणे स्वीकारला." मार्गदर्शकांनी लिहिलं, "उत्तम." पंच मी, पुरावा मी आणि लेखकही मीच, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मला थोडी लाज वाटली, पण 'उत्तम' वाचून ती गेली.

इकडे आई माझ्यासाठी मुली पाहत होती. साताऱ्याचा नाद सोडून तिने इथल्याच स्थळांकडे मोर्चा वळवला होता. पोंभुर्ण्याचं स्थळ जमत आलं आणि मोडलं. अहेरीचं मोडलं. तिसऱ्या वेळी तर साखरपुड्याच्या साड्या पाहून झाल्या होत्या. आईने माझी पत्रिका दोन ज्योतिषांना दाखवली. दोघांनी वेगवेगळे ग्रह सांगितले आणि दोघंही चुकले, कारण तो ग्रह राईस मिलमध्ये बसून चहा पीत होता. मला चहा देऊन त्याने स्वतःच कबुली दिली.

"सर, तुमी अहेरीची केली असती त अहेरीकडचे चार संघ आपल्या हातून गेले असते. म्हून मीच त्यायले सांगतलं का सरायचं काई खरं नाई, उन्हातान्हात शिट्टी वाजवत फिरतेत."

"तुम्ही माझी तीन लग्नं मोडलीत?"

"मोडली नाई, थांबवली. तुमी असं करा, नागपूरची करा. नागपूरची टीम आपल्याकडे येत नाई."

मला इतका राग आला की मी उरलेला चहा तसाच ठेवून उठलो. मग दारातून परत येऊन प्यालो, कारण दुधाचा होता.

चौथ्या वेळी आईने कानोकान खबर लागू दिली नाही. मलासुद्धा कुठे जायचं ते सांगितलं नाही, न जाणो मी अध्यक्षांना कळवेन. चामोर्शी मागे टाकून बस पुढे गेली, आम्ही एका फाट्यावर उतरलो, आणि समोर तीच बांधी होती. मी स्वतःला समजावलं की गाव मोठं आहे. घरात जाऊन बसलो तर पाण्याचा तांब्या घेऊन तोच पोरगा बाहेर आला. तो मुलीचा धाकटा भाऊ होता. चेहरा मी लगेच ओळखला. पाय ओळखायचा प्रश्न नव्हता, तो मी कधी पाहिलाच नव्हता.

मुलगी गावातल्याच पोस्टाचं काम बघायची. तिने चहा ठेवला, समोर बसली, आणि इकडचं तिकडचं काही न विचारता म्हणाली, "तुमच्या पुस्तकात आमच्या गावाचं लिवलं आहे म्हणते."

"हो. एक तळटीप आहे."

"काय लिवलं?"

मी ती म्हणून दाखवली. 'निमूटपणे' हा शब्द मी घाईघाईने उरकला. भाऊ दाराला टेकून उभा होता.

"तो काऊन निमूट गेला, हे इचारलं का त्याले?"

मी विचारलं नव्हतं. सात वर्षं मी लोकांना मोहफुलांपासून लंगोटाच्या गाठीपर्यंत सगळं विचारलं होतं, एवढंच राहिलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं.

तो लाजत म्हणाला, "मले त वाटलं होतं पाय नाई लागला. पण सर बाहेरचे. सोयरीक नाई, काई नाई. त्यायले खोटं बोलून काय भेटते? म्हनलं, लागलाच असंल माझा. मंग घरी अंगणात चुना टाकून पाह्यला, तसाच पाय टाकून. लय डाव पाह्यलं. नाईच लागत."

त्याच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. तो अजूनही आपल्याच पायाची चूक शोधत होता, आणि ते मला सहन झालं नाही. शिवाय मला ती मुलगी आवडली होती. चहा ठेवून थेट मुद्द्यावर येणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर कदाचित लग्न जमलं असतं. तळटीप टिकली असती, चौथं प्रकरण टिकलं असतं.

"मी पाहिलं नव्हतं," मी म्हणालो. "मी तेव्हा वहीत लिहीत होतो."

आईला ठसका लागला. मुलीचे वडील छताकडे बघायला लागले. मुलगी मात्र शांत होती.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "मी समोरच्या बाजूले उभी होती. सारे पायाकडे पाहत होते, मी तुमच्याकडे पाहत होती. तुमची मान खाली होती."

एवढं बोलून ती आत गेली. परतताना मूल गावच्या बसस्टँडवर आईने समोसे घेतले, तेही एकटीपुरते.

आठवड्याने मुलीचाच फोन आला. म्हणाली, होकार आहे, पण एक अट आहे. यंदाच्या सामन्यात माईकवरून सांगायचं. मी उत्साहात म्हणालो, "सांगतो ना, पाय रेषेवर नव्हता म्हणून सांगतो."

"तसं नाई सांगाचं. ते ना तुमाले मालूम, ना मले. तुमी पाह्यलं नाई, एवढंच सांगा."

माझ्या मार्गदर्शकांनी सात वर्षांत मला पुराव्याबद्दल एवढं नेमकं काही सांगितलं नव्हतं.

अध्यक्षांनी माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "सर, जमाव भडकंल," ते म्हणाले. मी माईक हातात घेतला. अमुक सामन्यात, शेवटच्या चढाईत मी खाली मान घालून लिहीत होतो, मी काही पाहिलं नाही, आणि तरी बाद दिलं, असं मी सांगितलं. मग मागून कोणीतरी खो खो हसलं, आणि ते हसू साऱ्या बांधीभर पसरलं. भडकलं कोणी नाही. पण हसू ओसरल्यावर माझ्यापुढे रांग लागली. प्रत्येक गावाला आपापला जुना निकाल आठवला होता. "सर, आमच्या पकडीच्या वेळी तुमी पाहून राह्यले होते का लिवून?" मी वही उघडून तारखा ताडून पाहत बसलो. बहुतेक वेळी मी लिहीतच होतो. प्रबंधासाठी टिपणं फारच चांगली झाली होती, तेव्हाच शंका यायला हवी होती.

माझी शिट्टी तिथेच काढून घेतली. चौथं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. त्यात आता एवढंच राहिलं की या भागात पंच सोयरा नको असतो, कारण सोयऱ्याची नजर आपल्या माणसाच्या बाजूने वळते. बिनसोयऱ्याची नजर कुठे असते, हे मात्र कोणी बघत नाही. मार्गदर्शकांनी पुन्हा विचारलं, "पुरावा?" मी लग्नाची पत्रिका पाठवली.

पुढच्या हंगामात मी पहिल्यांदा नुसता प्रेक्षक म्हणून त्या बांधीत बसलो, पुढच्या रांगेत, जावयाच्या खुर्चीवर. आईलाही आग्रहाने आणलं होतं, आणि ती विहीणबाईंशेजारी बसून सगळ्यांना कबड्डीचे नियम समजावत होती. पंच म्हणून बँकेत नुकतेच बदलून आलेले कोल्हापूरचे एक साहेब होते, अविवाहित. अध्यक्ष त्यांना स्वतःच्या हाताने पाणी देत होते. शेवटची चढाई माझ्या मेहुण्याचीच होती. तो रेषेच्या कडेने सरकला, चुना उडाला, साहेबांनी शिट्टी वाजवून हात वर केला. बाद.

मी उभा राहिलो. "कुठे लागला पाय? पंचसाहेब, डोळे कुठे होते तुमचे?" अख्ख्या गावात मी एकटाच ओरडत होतो. मेहुणा बिचारा आपला निमूट चालला होता.

बायकोने माझा शर्ट धरून मला खाली ओढलं.

"बसा. लागला."

"तू पाहिलंस?"

"यंदा पायाकडेच पाहत होती मी."

मी बसलो. वही घरी राहिली होती, हात रिकामे होते. खरं सांगायचं तर मीही पाहिलं होतं. रेषेवर पाय पडताना मी स्पष्ट पाहिला होता, उडालेल्या चुन्यासकट, आणि तरी मी उठून ओरडलो होतो.