टोनर पिणारी म्हैस

प्रिंटरच्या टोनरवर, म्हणजे शाईच्या पावडरीच्या डब्यावर, 'दीड हजार पानं' असं लिहिलेलं होतं. तो सहाशेच्या आसपासच दमला. ताईने छापलेलं शेवटचं पान उजेडात धरलं. अक्षरं राखेने लिहिल्यासारखी दिसत होती.

"काहून रे बाबू, तुह्या ओळखीच्या दुकानातला माल असा?"

ओळख माझीच होती. प्रिंटर अकोल्यात मीच पसंत केला होता, आणि 'वॉरंटी आहे, काळजी नको' हे इतक्या ऐटीत सांगितलं होतं की जणू कारखाना माझाच. कापसाने लागोपाठ दोन वर्षं दगा दिला, तेव्हा भाऊजी नांदगाव पेठच्या कारखान्यात जायला लागले आणि ताईने तिवश्यात घराच्या पुढच्या खोलीत टायपिंग सुरू केलं. चार शाळांच्या चाचणीचे पेपर तिला त्या साली पहिल्यांदाच मिळाले होते. झेरॉक्स मशीन नव्हती, एकेक प्रत प्रिंटरमधूनच काढायची. सोमवारी सकाळी पेपर पोचले नाहीत, तर काम पुन्हा अमरावतीच्या प्रेसला जाईल, असं त्यांतल्या मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांनी बजावलं होतं. अर्धे पेपर व्हायचे होते, आणि शुक्रवार संपत आला होता.

मी त्या आठवड्यात मदतीला म्हणून तिथे होतो. माझी मदत एवढीच, की पहिलीच्या पेपरातली 'चित्र ओळखा आणि नाव लिहा'ची चित्रं मी शोधून दिली होती.

शनिवारी सकाळी रिकामा टोनर पहिलीच्या पेपराच्या एका बिघडलेल्या प्रतीत गुंडाळून मी एसटीत बसलो. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत दुकानदाराला सुनवायची वाक्यं पाठ केली. त्यात 'ग्राहक मंच' दोनदा येत होता.

अकोल्याचे दुकानदार चाचा पिकल्या दाढीचे, सावकाश बोलणारे. माझं भाषण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. ऐकता ऐकता टोनरवरचा कागद सोडला आणि तो कागदच बघत बसले.

"ही म्हैस कोणी काढली, भाऊ?"

म्हैस मीच काढली होती. मूळ चित्र नुसत्या रेघांचं होतं. पण वऱ्हाडात पांढरी म्हैस कोणी पाहिली आहे? मी कॉम्प्युटरवर तिच्यात ठासून काळा रंग भरला होता. मग कावळ्यात. मग छत्रीतही.

चाचांनी कोरा कागद घेतला, त्यावर नमस्कार आणि चार ओळींची खुशाली लिहून सही केली. "कंपनीचं पान हे असं. शंभरातले पाच भाग काळे, बाकी कोरं. अशी दीड हजार. तुमच्या पानाचा अर्धा भाग तर म्हशीनंच व्यापला."

शेजारच्या किराणा दुकानातून काटा मागवून त्यांनी माझा टोनर तोलला, मग नवा. फरक बघून मान हलवली. "पावडर सांडली असती, पट्टे पडले असते, तर आत्ता बदलून दिला असता. पण हा तर पिऊन झाला. त्याले वॉरंटी कशी लागन?"

माझा ग्राहक मंच मूर्तिजापूरलाच उतरून गेला होता. मी निमूट नवा टोनर विकत घेतला आणि तिथूनच ताईला फोन लावला. "मिळाला गं. वॉरंटीत."

"बदलून देला? बरं झालं बापा! आता हात आखडाचं काम नाई. हेडमास्तर म्हणत होते, चंद्र ओळखाले मागं काळी रात पायजे, पुरं पान. आता टाकतो ते बी."

डोळ्यांपुढे रात्र पसरली. शंभर-सव्वाशे पानभर रात्री. चाचा माझ्याकडेच बघत होते. "सांगून टाका, भाऊ," ते हळूच म्हणाले. "नाई तर सोमवारी पुन्हा याल."

मग सांगितलं सगळं. विकत घेतला, चूक दुकानदाराची नाही, म्हैस माझी आहे.

"ताई?"

"ऐकून राहिली. तू ये आधी. अन् आल्यावर तिचा काळा रंग काढ."

त्या संध्याकाळी परतल्यावर मी म्हशीपासून छत्रीपर्यंत सगळ्यांना पोकळ केलं. चंद्राला रात्र मिळाली नाही. रविवारी संध्याकाळी शेवटचा गठ्ठा बांधला, आणि सोमवारी शाळा भरायच्या आत ताई स्वतः चारही शाळांना देऊन आली.

आठवड्याने हेडमास्तर तपासलेले पेपर घेऊन दारात उभे. "बाई, अर्ध्या वर्गानं तुमच्या म्हशीले गाय लिवलं. आता मार्क कसे देऊ?"

मी आतल्या खोलीत सरकलो. ताईने चष्मा लावून चित्र नीट पाहिलं.

"द्या ना सर. दोघी बी दूधच देतात."

हेडमास्तर हसले आणि पुढच्या चाचणीचे हाताने लिहिलेले कागद त्यांनी टेबलावर ठेवले. चित्रं मात्र या खेपेला ते स्वतःच काढून घेऊन आले होते.