कुंकवासाठी मागितलेला मृत्यूचा दाखला

त्या प्रकरणात ना गुन्हा दाखल झाला, ना कोर्टात खटला उभा राहिला. तरी नोकरीतली एकच घटना सांगा म्हटले, तर मला आधी तीच आठवते. यातली माणसे अजून त्याच मुलखात असतील, म्हणून नाव-गाव सांगत नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून चांदा जिल्हा. वैनगंगेच्या काठच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. त्या काळी गावातल्या जन्म-मृत्यूची वर्दी कोतवाल ठाण्यावर आणून देत असे. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी कोतवाल यायचे, ओट्यावर बसायचे आणि गावात कोण जन्मले, कोण कशाने गेले ते सांगायचे. मुन्शी ते नोंदवून घेई आणि पुढे तहसिलीत पाठवी. दाखला मागायला मात्र क्वचितच कोणी येई. जंगलातल्या गावांना कागदाची गरज पडत नव्हती.

धान कापून झाल्यानंतरच्या एका बाजारी एक बाई आली. वय पंचविशीच्या आत. ओट्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "माह्या घरवाल्याचा मेल्याचा दाखला पायजे जी."

मुन्शीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होते.

मी तिला आत बोलावले. तिने सांगितले, दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला बरे वाटत नव्हते, म्हणून थोरला दीर त्याला नदीपल्याड वैदूकडे घेऊन गेला. परत आला तो एकटाच. वाटेत ताप चढला, माणूस गेला, तिथेच जाळला, एवढेच त्याने सांगितले.

"म्या मढं पाह्यलं नाई, राख पाह्यली नाई," ती म्हणाली. "आता नणंदेचं लगन जुळलं. गावातल्या बाया म्हणतेत, रांडाव बाई कुंकू लावून मांडवात कशी फिरन? म्या म्हणलं, सरकारात लिवलं असन तर पुसीन. लोकाइच्या म्हणण्यावर नाई पुसणार."

मुन्शीने नोंद काढली. नाव, गाव, कारण ताप, खबर देणारा सख्खा भाऊ. सही-शिक्क्याची नक्कल तहसिलीत अर्ज केल्यावर मिळते, असे मी तिला समजावले. ती हलली नाही.

"साहेब, तुमीच सांगा. इथी लिवलं म्हणजे मेलेच ना ते?"

सरळ प्रश्न होता. मला 'हो' म्हणता आले नाही. तिला पुढच्या बाजारी यायला सांगितले.

ती गेल्यावर तिच्या गावचा कोतवाल माझ्या टेबलाजवळ आला. इकडे-तिकडे पाहत म्हणाला, "साहेब, मी तर भावानं सांगतलं तसं लिवून देल्लं. पण गावात कुजबुज आहे जी. दोघायचं वावर सामाईक. दोघं नदी उतरले, एक परत आला. काय समजाचं ते समजा."

मी दुसऱ्याच दिवशी सायकलवर त्या गावाला गेलो. बंदुकीच्या परवान्याची चौकशी असे निमित्त केले. त्या घरात थोरला भाऊ होता, म्हातारी आई होती. माणूस साधा, हात जोडून बोलणारा. बोलता बोलता मी धाकट्याचा विषय काढला. तरुण मुलगा गेलेल्या घरात त्याचे नाव निघाले, की आई पदर डोळ्याला लावते, हे मी अनेक घरांत पाहिले होते. ही म्हातारी रडली नाही. तिने झटकन थोरल्याच्या तोंडाकडे पाहिले. दुःख झालेला माणूस असा पाहत नाही, काहीतरी लपवणारा पाहतो.

परतीच्या वाटेवर नदीच्या घाटावर डोंगेवाल्या नावाड्याला गाठले. दोघे भाऊ त्याला चांगले आठवत होते. धाकटा घोंगडे पांघरून डोंग्याच्या टोकाला वेगळा बसला होता. "पण ताप-बिप नवता साहेब. आपल्या पायानं चढला, आपल्या पायानं उतरला."

पल्याडच्या ज्या गावी अंत्यविधी झाल्याचे सांगितले होते, तिथल्या कोतवालालाही बोलावून विचारले. परगावचा माणूस त्याच्या शिवेत जाळलाच गेला नव्हता. आता मात्र माझ्या मनात खुनाचाच संशय पक्का झाला. थोरल्याला ठाण्यावर आणले.

सुरुवातीला तो तापाचीच गोष्ट सांगत राहिला. डोंगेवाला आणि कोतवाल काय म्हणाले ते ऐकवल्यावर गप्प झाला. शेवटी मी स्पष्ट सांगितले, "भाऊ, तू बोलला नाहीस तर मला खुनाचा गुन्हा लिहावा लागेल."

त्याने पागोटे काढून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "लिवा साहेब. म्याच मारला."

मुन्शीने लगबगीने कागद पुढे ओढला. पण मला काहीतरी खटकले. गुन्हा कबूल केला की माणसाचे अंग सैल पडते, कोणी रडतो, कोणी पाणी मागतो. हा माणूस कबुली देऊन आणखी ताठ झाला होता. जणू अवघड ओझे नीट उचलून उभा होता.

"कशाने मारलेस?"

"कुऱ्हाडीनं."

"कुठे?"

"डोक्शावर."

"मरताना तो काही बोलला का?"

या प्रश्नावर त्याचा चेहरा वाकडा झाला. "म्हणला, माह्या बायकोले समाळजो दादा. अन् मागं वळून पाहू नोको म्हणला..." एवढे बोलून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

डोक्यात कुऱ्हाड बसलेला माणूस असे बोलत नाही. मी मुन्शीला चहा सांगायला बाहेर पाठवले, दार लोटले आणि दौत बाजूला सारली.

"आता काही लिहीत नाही. तो कुठे आहे?"

"लिवसान नाई ना जी? कोणाले सांगसान नाई ना?"

गावात कोणाला कळणार नाही, असा मी शब्द दिला. मग त्याने सांगितले. धाकट्याच्या अंगावर चट्टे उठले होते. एकदा चुलीवरचे तापलेले गंज, म्हणजे पातेले, त्याने हातांनी उचलले, कातडी भाजली, तरी त्याला कळले नाही. ते पाहून आईला समजले. महारोग. घरात लग्नाची बहीण. गावाला कळले तर विहीर बंद झाली असती आणि पोरगी जन्मभर घरात राहिली असती. धाकटाच म्हणाला, मला कुठेतरी सोडून ये आणि मेला म्हणून सांग. थोरल्याने त्याला परजिल्ह्यातल्या महारोग्यांच्या दवाखान्यात नेऊन सोडले.

"बायकोला का नाही सांगितले?"

"तिले सांगतलं असतं तर ती त्याच्या मांगं गेली असती, साहेब. मंग सारं गाव समजलं असतं."

"आणि म्हणून फासावर जायला निघालास?"

"बहिणीचं लगन तं झालं असतं," तो म्हणाला.

खुन्याची बहीण चालते, रोग्याची चालत नाही, असा त्याचा हिशेब होता. त्याला मी हसू शकलो नाही, कारण तो चुकीचा नव्हता. एवढे सांगून झाल्यावर तो बाहेर जाऊन ओट्यावरच्या बाकावर आडवा झाला आणि चहा येईपर्यंत घोरू लागला. मी शिपायाला त्याला उठवू दिले नाही.

पण ऐकलेल्या गोष्टीवर प्रकरण मिटवता येत नाही. वर्दी उतरवून, धोतर-सदरा घालून मी त्याच्याबरोबर निघालो. आधी बैलबंडी, मग मोटार, मग रेल्वे. वाटभर एकच धाकधूक होती. माणूस तिथे नसला तर? मधल्या काळात खरेच गेला असला तर? मग माझ्याजवळ पुन्हा फक्त एक बेपत्ता भाऊ आणि एक कबुली उरणार होती.

दवाखान्याच्या मागे भाजीचे वाफे होते. तिथे एक तरुण पाणी घालत होता. थोरल्याला पाहून त्याच्या हातचा डबा खाली पडला. तो जवळ आला नाही, लांबूनच ओरडला, "दादा! माय गेली का?"

भाऊ आला म्हणजे आई गेल्याचीच बातमी असणार, असे त्याला वाटले. थोरला "नाई रे, नाई" म्हणत पळत गेला आणि त्याला मिठी मारली. मी वाफ्याच्या बांधावर बसून घेतले. मनावरचा दगड उतरला होता.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, नव्या गोळ्या त्याला चांगल्या लागू पडल्या आहेत, चट्टे फिकट होत आहेत, बायको भेटायला आली तरी काही भीती नाही.

ठरल्याप्रमाणे बाजारच्या दिवशी ती बाई आली. तिला आतल्या खोलीत बसवले. दीर बाहेर उभा होता; तिला तरी खरे सांगायलाच हवे, हे मी त्याला परतीच्या वाटेवर पटवले होते.

"बाई, दाखला मिळणार नाही," मी म्हणालो. "तुझा नवरा जिवंत आहे."

तिने ओरड केली नाही. पदराचे टोक मुठीत धरले. मग विचारले, "जेवतेत ना बरोबर?"

मी रोगाचे नाव सांगितले. घाबरेल असे वाटले होते. ती म्हणाली, "एवढंच होतं?"

मग ती उठून बाहेर गेली आणि दिरासमोर उभी राहिली. "भाऊजी, दोन वर्सं मले धड झोप नाई. मले काऊन नाई सांगतलं? मी का गावात दवंडी देणार होती?" आणि तेव्हा कुठे ती रडली. दीर मान खाली घालून ऐकत राहिला. आमचे शिपाई उगाच पागोटे सारखे करत दुसरीकडे पाहू लागले.

खोटी खबर देणे हा गुन्हाच होता. मी वरिष्ठांना तोंडी सगळे सांगितले. त्यांनी सक्त समज देऊन सोडायला सांगितले. तहसिलीला कळवले ते एका ओळीत: सदर इसम तपासात जिवंत आढळला, सबब नोंद रद्द व्हावी. कुठे आढळला, का गेला होता, हे कोणी विचारले नाही आणि मी लिहिले नाही.

नणंदेचे लग्न ठरल्या मुहूर्ताला लागले. मांडवात बाई कुंकू लावूनच फिरली; सरकारात मेल्याची नोंद नाही, एवढेच तिने गावातल्या बायांना सांगितले. लग्न आटोपल्यावर "माहेरी जातो" असे सांगून बाई नवऱ्याकडे गेली आणि तिथेच राहिली. पुढे तो बरा झाला. दोघांनी त्याच भागात बटाईने थोडी जमीन घेतल्याचे थोरल्याकडून कळले. माझी बदली झाल्यावर संबंध सुटला.

या प्रकरणाने मला एक शिकवले. कबुली मिळाली की तपास संपला, असे त्यानंतर मी कधी मानले नाही. माणूस शिक्षा चुकवण्यासाठी खोटे बोलतो, तसा कोणाला वाचवायला शिक्षा मागूनही घेतो. अशा वेळी त्याला धमकावून उपयोग नसतो, लेखणी खाली ठेवावी लागते.

पोलिसाच्या नोकरीत मी कितीतरी दारांत उभा राहिलो आहे. वाघाने नेलेला गुराखी, पुरात गेलेला डोंगेवाला, कोळशाच्या खाणीत दबलेला मजूर. घरच्यांना काय सांगायचे ते मनात जुळवत मी त्या त्या गावची वाट चाललो आहे. माणूस जिवंत आहे, एवढेच सांगण्याचे काम माझ्या वाट्याला एकदाच आले. त्या दिवशी घरी गेल्यावर बायको म्हणाली, आज काय बढतीचा हुकूम आला की काय? मी नुसता हसलो आणि आणखी भात वाढायला सांगितला.