लाइट नसताना चाललेला प्रोग्राम

आमच्या एमएस्सी कम्प्युटरच्या बॅचमधले चार जण कुणाच्या घरी जमले, की घरची मंडळी चहा ठेवून गुपचूप दुसऱ्या खोलीत जातात. सगळे किस्से त्यांना पाठ आहेत. आमची पंचाईत वेगळीच. डिग्री दोन वर्षांत संपली, किस्से मात्र दर वर्षी वाढतातच! मी त्यात मीठ टाकतो असा माझ्यावर आरोप आहे. टाकतो की! पण भाजी आमच्याच मळ्यातली असते.

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचो. 'कम्प्युटरमध्ये एमएस्सी करतोय' म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे टायपिंगच ना?" आमचे जाधव सर म्हणायचे, "हसू द्या त्यांना. उद्या हेच लोक पोरांना घेऊन तुमच्या दारात येतील." आले की नाही? माझ्या दारात तर चपलांचा ढीग पडलाय!

चपलांवरून आठवलं. लॅबमध्ये चपला घालून जायला सक्त मनाई. कम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून सर स्वतः रुमालानं की-बोर्ड पुसायचे. आणि आमचे शिपाई नामदेवमामा यांनी खंडेनवमीला प्रत्येक की-बोर्डावर ओली हळद, वर कुंकू, वर झेंडूचं फूल अशी यथासांग पूजा केली!

सर ओरडले, "मामा, हे काय करून ठेवलं?"

मामा शांतपणे म्हणाले, "तुम्हीच म्हणले ना सर, हीच आपली हत्यारं म्हणून?"

 पुढं सगळं सेमिस्टर आमच्या डिपार्टमेंटचा विद्यार्थी गुलमंडीच्या बाजारात कुठंही ओळखू यायचा. बोटं पिवळी!

*

आमच्यात रफिक होता. सिल्लोडचा. वडील करीमसेठ कापसाचे मोठे व्यापारी, शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यांनी पोराला अट घातली होती: "शिक. पण शेवटच्या परीक्षेला मी स्वतः येऊन बसणार. ते यंत्र काय करतं ते बघणार. मला पटलं तर पुण्याला जा, हैदराबादला जा, कुठं बी नोकरी कर. नाय पटलं, तर दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गादीवर."

रफिकला गादीची इतकी धास्ती, की तो एसटीतसुद्धा सराव करायचा. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर पेननं की-बोर्ड काढलेला, तो मांडीवर ठेवायचा आणि सिल्लोड ते औरंगाबाद टकटक टकटक!

एकदा शेजारी एक पागोटेवाले आजोबा बसलेले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काय करायला रं?"

"टाइप करतोय, बाबा."

 फुलंब्री आली. उतरता उतरता त्यांनी रफिकच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लई मोठं पत्र हाय बाबा. शेवटाला माझा बी नमस्कार लिही!"

*

दौलताबादला ट्रिप गेली. किल्ल्यातल्या, शत्रूला चकवायला खोदलेल्या अंधाऱ्या वाटेच्या तोंडाशी गाइड मशाल पेटवून तयार उभा. आमची सुनंदा म्हणाली, "गाइड कशाला? अल्गोरिदम आहे ना! उजवा हात भिंतीवरून काढायचा नाही, कुठल्याही चक्रव्यूहातून बाहेर निघतो." सुनंदा वर्गात पहिली यायची. आम्ही तिच्या मागं. अंधार, वटवाघळांचा वास, भिंतीवर तीसेक उजवे हात!

निघालो की बाहेर! जिथून आत शिरलो होतो, बरोब्बर तिथंच.

गाइड दगडावर बसून बिडी ओढत होता. म्हणाला, "कुछ टेन्शन नक्को लेव मॅडम. दुश्मन लोगां भी ऐसेच वापस आते थे!"

*

आता आमच्या खऱ्या अभिमानाची गोष्ट. लाइट जायची, आणि जायची म्हणजे जायचीच. पण जाधव सरांचा तास कधी बुडाला नाही. ते म्हणायचे, "करंट मशीनला लागतो. प्रोग्रामला काय लागतं? डोकं!" मग आम्हाला व्हरांड्यात उभं करायचे. आम्हीच आकडे, आम्हीच मेमरी. एक जण कागदावरचा प्रोग्राम ओळीओळीनं वाचायचा, बाकीच्यांनी तसं हलायचं. उंचीप्रमाणं लावायचा प्रोग्राम असेल, तर शेजारी शेजारी जागा बदलत जायचं.

एकदा सरांना मधेच मीटिंगचं बोलावणं आलं. परत आले तेव्हा दोन पोरं अजून जागा बदलत होती. तू इकडं, मी तिकडं. मी इकडं, तू तिकडं. दोघंही घामानं निथळलेली.

"अरे, थांबा की!"

"कसं थांबणार सर? तुम्ही थांबायची अट लिहिलीच नाही!"

मोठमोठ्या कॉलेजांत एसी होते, जनरेटर होते. असे कम्प्युटर कुणाकडं होते, सांगा!

*

शेवटची परीक्षा. प्रोजेक्ट बघायला पुण्याहून परीक्षक साहेब आलेले. लॅबच्या कोपऱ्यात, मोजे घालून, करीमसेठ. रफिकचा प्रोजेक्ट सिल्लोडच्या बाजारातला: कापसाच्या गाड्या फाटकावर आल्या की नंबर द्यायचा आणि त्याच क्रमानं वजनकाट्यावर सोडायच्या.

रफिकनं बटण दाबलं आणि लाइट गेली.

साहेब घड्याळ बघून म्हणाले, "माझी परतीची गाडी आहे. मला प्रोग्राम चाललेला दिसला पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी बघू."

करीमसेठ उठले. "पुढची वेळ नाय. चल रफिक."

रफिकचा चेहरा पिंजलेल्या कापसासारखा पांढरा!

जाधव सर आडवे आले. "साहेब, प्रोग्राम कागदावर आहे आणि गाड्या इथं उभ्या आहेत. चालवून दाखवतो." आणि आम्हाला व्हरांड्यात काढलं. टेबल म्हणजे काटा. आम्ही गाड्या. सर करीमसेठना म्हणाले, "सेठ, तुम्हीबी या. एक गाडी व्हा." सेठ नाखुशीनंच आले, सगळ्यात शेवटी. नंबरही शेवटचाच मिळाला.

रफिक कागदावरची एकेक ओळ वाचू लागला. पहिली गाडी काट्यावर. दुसरी काट्यावर. तेवढ्यात करीमसेठ रांग सोडून सरळ टेबलापाशी! त्यांची तरी काय चूक? सिल्लोडात त्यांची गाडी आजवर कधी रांगेत थांबली नव्हती. लोकच बाजूला व्हायचे.

"हां, घे माझं वजन," सेठ म्हणाले.

साहेबांचं पेन थांबलं. "आता प्रोग्राम काय करतो?"

रफिकनं मान वर केलीच नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाला, "तुमचा नंबर आला नाय. मागं."

"रफिक!"

"अब्बा, मागं."

  सेठनी दाढीवरून हात फिरवला, वळले, आणि आम्हा सगळ्यांच्या कडेकडेनं चालत सुनंदाच्या मागं जाऊन उभे राहिले.

साहेब म्हणाले, "पुढं चालू द्या."

एवढ्यात लाइट आली! सगळी लॅबमध्ये धावली. मशीनवर तोच प्रोग्राम चालवला, तोच क्रम, तंतोतंत. साहेबांनी हात पुढं केला, "अभिनंदन. पास." आम्ही रफिकला खांद्यावर घेतला. सरांनी डोळे पुसले आणि लगेच की-बोर्डही पुसला.

मग रफिक वरूनच म्हणाला, "अब्बा कुठंयत?"

मी बाहेर पळालो. रिकाम्या व्हरांड्यात करीमसेठ एकटेच, हात मागं बांधून, जिथं उभं केलं होतं तिथंच.

"सेठ, आत या की! लाइट आली. रफिक पास झाला!"

सेठ माझ्यावर खेकसले, "गप रे! माझा नंबर आलाय का अजून?"